किड्यांची वाटणी

मामांची खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायची, यावर वाद नव्हता. घराची वाटणी करायला येणारा मामा नेहमी तिथेच बसतो. वाद होता तो त्यांच्या उजव्या हाताला कोण बसणार याचा. थोरला म्हणून ती जागा शोउथियेनची. पण तक्रार धाकट्या शोउलिनची होती, आणि त्याची बायको फेंगच्येन हिचं म्हणणं असं की ज्याचं दुखतं त्यालाच वैद्याजवळ बसवतात. शेवटी दोघांची बहीण च्याओयुन हिने त्या खुर्चीवर आपली पर्स ठेवली आणि स्वतः पर्सच्या बाजूला बसली. मधमाशा पाळणाऱ्याच्या घरी दिल्यापासून कुठल्याही घोंघाटात हात न हलवता शिरायचं कसं, हे ती शिकली होती.

लू मामा आले, बसले, वाफवलेल्या माशाचं डोकं त्यांच्याकडे वळवण्यात आलं आणि त्यांनी पहिला पेला घेतला. ऐंशी पार केलेल्या मामांना दोन्ही भाचे सारखेच ऐकू येत नसत, त्यामुळे निवाडा निष्पक्ष होईल असा सगळ्यांनाच विश्वास होता.

पहिली वाटणीही मामांनीच केली होती, भावांचा बाप हाओ म्हातारा गेला त्या वर्षी, याच खोलीत. कालव्याच्या टोकाला, खारट ओसाडीला लागून जे शेत होतं, त्यात आजोबांनी लावलेल्या बोरीच्या रांगा होत्या आणि दोन रांगांच्या मधल्या पट्ट्यांत कपाशी. दुसऱ्या कुणी दोरी धरून शेताचे दोन तुकडे केले असते. पण मामा जुन्या कम्यूनचे हिशेबनीस. हिशेबनिसाला तुकडा नको असतो, रकाना हवा असतो. त्यांनी जमीन थोरल्याला दिली आणि झाडं धाकट्याला. झाड उभं आहे तोवर शोउलिनने त्याच्यापाशी जावं, छाटावं, बोरं झोडावीत; झाड मेलं की त्याखालच्या मातीशी त्याचा संबंध संपला. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आसपासच्या चार गावांत अशीही रीत होती, आणि रीतीत चूक काढायची तर आधी चार गावांचे पूर्वज मूर्ख ठरवावे लागले असते.

गेली दोन वर्षं बोरी कमी-कमी फुटत होत्या, आणि या वर्षी फुटायलाच तयार नव्हत्या. मे अर्धा सरला होता. रस्त्यापलीकडची पॉपलरची झाडं हिरवीगार होती आणि शोउलिनच्या झाडांवर कोंब यायचे, तांदळाएवढे व्हायचे, काळे पडायचे आणि गळायचे. झाड जुन्या जोरावर पुन्हा कोंब काढायचं, तेही गळायचे. असं आणखी एखादं वर्ष गेलं की झाडं वाळणार होती. आणि झाडं वाळली की बापाच्या शेतात शोउलिनला पाय ठेवायलाही जागा उरणार नव्हती.

म्हणून त्याने मामांना बोलावलं होतं. मागणी एकच होती: झाडं मरायच्या आत अर्धी जमीन त्याच्या नावावर करून द्यावी, कारण झाडं दादाच्या कपाशीने मारली.

“माझ्या कपाशीने?” शोउथियेन म्हणाला. “माझ्या कपाशीला गेली दहा वर्षं एक अळी शिवलेली नाही.”

हे खरं होतं, आणि गावात सगळ्यांना पाठ होतं. नवं बीटी बियाणं आलं तेव्हा ते पेरणाऱ्या पहिल्या काही जणांत शोउथियेन होता. ही कपाशी औषध अंगातच घेऊन उगवते, बोंडअळीने पान कुरतडलं की मेलीच. त्या वर्षापासून त्याने फवारणीचा पंप छपरात टांगला, आणि मोकळ्या झालेल्या वेळात तो माजोंग खेळायला जाऊ लागला. कुणी विचारलं तर तो विज्ञानाचं नाव घ्यायचा.

शोउलिनचं म्हणणं मामांना दोनदा सांगावं लागलं. पूर्वी दादा बोंडअळीसाठी फवारायचा तेव्हा बोरींना काही होत नव्हतं. दादाने फवारणं सोडलं आणि बोरी गेल्या. मधे काय झालं ते त्याला माहीत नव्हतं, पण मधे दादा होता एवढं त्याला दिसत होतं.

मग शोउथियेनने आपला साक्षीदार बोलावला. त्याची मुलगी जिंग बाओदिंगच्या शेतकी कॉलेजातून कीटकशास्त्राची पदवी घेऊन गेल्याच आठवड्यात घरी आली होती. पदवीचा घरात उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून तो मोठ्या खुशीत होता. सकाळी जिंगने शेतात जाऊन झाडांखाली पांढरं कापड अंथरलं होतं आणि फांद्या काठीने झोडल्या होत्या. जे पडलं ते एका काचेच्या बाटलीत होतं. तिने बाटली माशाच्या ताटाशेजारी ठेवली. तळाशी हिरवट, तिळाएवढं काहीतरी धावत होतं.

“आंधळा ढेकूण,” शोउलिन म्हणाला. गावात त्याला तेच नाव होतं.

“आंधळा नाहीये, काका. चांगलं दिसतं त्याला,” जिंग म्हणाली. “बऱ्याच किड्यांना कपाळावर तीन बारके जादा डोळे असतात, ते याला नसतात, म्हणून नाव पडलं.”

खोलीतल्या कुणालाच किड्याच्या कपाळात रस नव्हता, हे तिच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग ती मुद्द्यावर आली. बीटीचं विष अळीसाठी आहे. हा किडा अळी नाही, तो सोंडेने रस पितो आणि त्या विषाने त्याला काही होत नाही. पूर्वी अळीसाठी औषध मारलं की हाही सोबत मरायचा, कुणाच्या ध्यानात यायचा नाही. आता अळी बियाण्यानेच मरते, कपाशीवर औषध कुणी मारत नाही आणि हा निवांत वाढतो. वसंतात बोरीचे कोंब शोषतो, उन्हाळ्यात कपाशीवर उतरतो, थंडीच्या तोंडाला अंडी घालायला परत बोरीवर.

वाक्य संपलं आणि दोन्ही भावांनी ते मधोमध फाडून आपापला अर्धा उचलला.

“ऐकलंत?” शोउथियेन मामांना म्हणाला. “बियाण्याने त्याला काही होत नाही. म्हणजे माझ्या बियाण्याचा संबंध नाही.”

“ऐकलंत?” शोउलिन म्हणाला. “दादाने औषध बंद केलं म्हणून वाढला.”

दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं, आणि एकाने मुलीला, दुसऱ्याने पुतणीला शाबासकी दिली. आपण नक्की काय म्हटलं ते जिंग मनात परत जुळवून पाहू लागली.

स्वयंपाकघरात शोउथियेनची बायको शिउझेन डंपलिंगच्या पाऱ्या लाटत होती आणि फेंगच्येन त्या भरत होती. वाटणी झाल्यापासून दोन जावांच्या चुली वेगळ्या होत्या, पण पीठ मळताना अजून एकमेकींचं पाणी चुकत नसे. बाहेरचं सगळं भिंतीतून ऐकू येत होतं. दोघी आपापल्या नवऱ्याच्या बाजूच्या, असं धरायला हरकत नव्हती. तशाच त्या बाहेर बोलतही.

शिउझेनच्या मनात मात्र पंप होता. छपरात टांगलेला.

बोंडअळीचं ते वर्ष बियाणं यायच्या बरंच आधीचं. अळी औषधाने मरेनाशी झाली होती, तिला बाटलीत बुडवली तरी ती पोहायची. लोक अधिकाधिक कडक औषध मारत होते, कापडाशिवाय, हातमोज्यांशिवाय. एका दुपारी शिउझेन कपाशीत पडली. तोंडाला फेस आला. तिला हातगाडीवर घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. पुढून गाडी ओढत होता शोउथियेन. मागून ढकलत होती फेंगच्येन, तेव्हा नवी नवरी, पायात लग्नातले लाल बूट. त्यानंतरही काही वर्षं शोउथियेनने फवारलं, पण शिउझेनला त्याने शेताच्या बांधावरही येऊ दिलं नाही. बियाणं आलं आणि त्याने पंप टांगला. लोकांना तो विज्ञान म्हणून सांगायचा. बायकोला काहीच सांगायचा नाही. सांगितलं असतं तर तिला त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

तिची आणि फेंगच्येनची पाऱ्यांची गती एकच होती. “भाऊजी झाडांवर मारतात ना औषध?” तिने विचारलं.

फेंगच्येन म्हणाली, मारतात, भर दुपारी मारतात, किडे खाली गवतात पडतात आणि संध्याकाळी परत वर. खाली मारायला गेले तर थोरल्या भाऊजींची हाक येते, माझ्या मातीवर एक थेंब पडता कामा नये. हे ती रागाने म्हणत नव्हती; विहिरीचं पाणी खारं आहे म्हणावं तसं म्हणत होती.

तेवढ्यात च्याओयुन आत आली, बाहेरच्यांचा कंटाळा आला म्हणून. ती या भांडणात थोरल्या भावाच्या बाजूची होती, त्याच्यावर प्रेम म्हणून नाही. तिच्या नवऱ्याच्या पेट्या दर वर्षी बोरीच्या फुलोऱ्याला या शेताच्या कडेला येत. त्या मधावरच त्यांचं वर्ष चालायचं. औषध मारलं की माशा मरणार, म्हणून औषध न मारणारा भाऊ तिला प्रिय होता.

तिच्या मागोमाग जिंग बाटली घेऊन आली. बाहेर तिला आता कुणी काही विचारत नव्हतं.

“आत्या, या वर्षी फुलोरा येणार नाहीये,” ती म्हणाली. “कोंबच नाहीत तर फूल कुठून येईल?”

च्याओयुनने बाटली उजेडात धरली. हे तिच्या मनात आलंच नव्हतं. माशा औषधाने मेल्या काय किंवा उपाशी मेल्या काय, पेट्या रिकाम्याच. तिने बाटली खाली ठेवली तोवर तिचा पक्ष बदलला होता.

मग तिघींनी जिंगला विचारायला सुरुवात केली, आणि जिंगने सांगितलं की याबाबत अजून अभ्यासाची गरज आहे, परिस्थितीनुसार बदल संभवतात, आणि एका शेतावरून निष्कर्ष काढणं घाईचं होईल.

“मुली,” फेंगच्येन म्हणाली, “परीक्षा संपली तुझी. काय करायचं ते सांग.”

जिंगने सांगितलं. झाडं आणि जमीन एकाच वेळी. संध्याकाळी, किडा गारठून जड झाला की. चारही कडांवरून सुरुवात करून आत, म्हणजे त्याला पळायला बाहेरची वाट राहत नाही. पलीकडे ओसाडी आहे, शेजारचं शेत जवळ नाही, म्हणून इथे जमेल. फुलोऱ्याला अजून अवकाश आहे, फूल उघडायच्या आधी एकदा केलं तर आत्याच्या माशांना धोका कमी. आणि नाकातोंडाला जाड कापड, वारा पाठीशी, हातमोजे.

“एवढंच?” शिउझेनने विचारलं.

“एवढंच. पण दोघांनी एकत्र करायला हवं, आणि ते...” जिंगने भिंतीकडे पाहिलं.

भिंतीपलीकडे मामांना तोडगा सापडला होता.

“जिंग,” त्यांनी हाक मारली. ती परत बाहेर गेली. “हा किडा हिवाळ्यात कुठे असतो?”

“अंड्यात असतो, आजोबा. अंडी बोरीच्या छाटलेल्या फांद्यांच्या टोकांत.”

“म्हणजे शोउलिनच्या मालमत्तेत. आणि उन्हाळ्यात?”

“कपाशीवर.”

“म्हणजे शोउथियेनच्या.” मामांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. जुन्या वाटणीत चूक नव्हती, ते म्हणाले, ती अपुरी होती. जमीन वाटली, झाडं वाटली, किडे वाटायचे राहिले. आज तेही वाटू. थंडी पडल्यापासून गव्हाचे दाणे भरेपर्यंत किडे शोउलिनचे. दाणे भरल्यापासून थंडी पडेपर्यंत शोउथियेनचे. ज्याचे किडे, त्याने सांभाळायचे. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर ज्याचे किडे त्याने भरून द्यायचं.

“ते उडतात, आजोबा,” जिंग म्हणाली.

“माणसंही कामाला तिएनजिनला जातात,” मामा म्हणाले. “नोंद गावातच राहते.”

जिंगच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात किड्यांच्या रहिवासी नोंदीचा विषय नव्हता.

दोघा भावांना तोडगा पटला, कारण दोघांनाही तो दुसऱ्याला महाग पडेल असं वाटत होतं. पण कलमं बारकाईने पाहिल्यावर अडचणी निघू लागल्या. गहू भरायच्या आठवड्यात झाडावरून कपाशीकडे निघालेला, पण अजून पोचायचा असलेला किडा कुणाचा? झाडाखालचं गवत मातीत उगवतं, म्हणजे थोरल्याचं; पण ते झाडाच्या सावलीत असतं, मग त्यावरचा किडा? ओसाडीतून उडून आलेले किडे घरचे धरायचे की पाहुणे? शोउलिन म्हणाला, पाहुण्यांचा खर्च निम्मा-निम्मा. शोउथियेन म्हणाला, पाहुणा ज्याच्या दारात उतरतो त्याचा. मग त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली: किडे आपले झाले तर आपल्या परवानगीशिवाय त्यांना कुणी मारू शकत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या किड्यांबद्दल आपुलकी वाटली.

डंपलिंग आली, संपली. दारूची दुसरी बाटली उघडली. ऊन भिंतीवरून उतरून अंगणात गेलं. बायका दिसेनाशा झाल्या, तेव्हा पाहुण्या किड्यांच्या कलमाचा मसुदा मामांनी पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतला होता.

शोउथियेन लघवीला म्हणून उठला. अंगणाच्या मागच्या दारात तो उभा राहिला आणि वारा कालव्याकडून आला. वासात लसणासारखं काहीतरी होतं. तो वास त्याने किती तरी वर्षांत घेतला नव्हता, आणि घ्यायला लागू नये म्हणूनच त्याने सगळं केलं होतं.

तो वाटेने धावला नाही. माणूस धावला की गाव विचारतं.

शेतात चारही कडांना काम चालू होतं, म्हणजे दोन कडांना, कारण पंप दोनच होते: शोउलिनचा आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेला; छपरातल्याला कुणी हात लावला नव्हता. फेंगच्येन पूर्वेकडून आत येत होती, नळी वर झाडांवर, मग खाली गवतावर. च्याओयुन कालव्यातून बादल्या भरत होती. जिंग हवेत धूळ उडवून वारा बघत होती आणि प्रत्येकीला जागा बदलायला लावत होती. पश्चिमेच्या कडेला, पाठीवर शोउलिनचा पंप, तोंडाला रुमालाच्या दोन घड्या, शिउझेन होती.

शिउझेनने त्याला येताना पाहिलं. ती थांबली नाही. आता तो ओरडेल आणि मग मी ओरडेन, असं तिला वाटलं. इतक्या वर्षांचं ओरडायचं शिल्लक होतं. तो जवळ आला. त्याने तिच्या खांद्यावरचा पट्टा उचलला आणि पंप स्वतःच्या पाठीवर घेतला. पट्टा त्याला तोकडा पडत होता, त्याने तो तसाच बसू दिला.

“घरी जा,” तो म्हणाला.

“मी बांधावर उभी राहते. वारा पाठीशी ठेव.”

“शिकवू नकोस.”

“रुमाल बांध आधी.”

त्याने तिचाच रुमाल घेतला. ती बांधावर गेली आणि तिथेच उभी राहिली. आपल्या मातीवर तो औषध मारत गेला, मग दोन पावलांवरच्या भावाच्या झाडावर, मग पुन्हा मातीवर. त्याचा हात मोजणं विसरला नव्हता. शेताच्या मध्यावर त्याची आणि फेंगच्येनची गाठ पडली. दोघांची तोंडं बांधलेली होती, त्यामुळे बोलावं लागलं नाही.

“मामांना सांगू नकोस,” तो मुलीला शेवटी म्हणाला. “त्यांचं वय झालंय.”

शोउलिन इतका वेळ मामांबरोबर एकटाच वाटाघाटी करत होता, आणि दोन्ही बाजू त्यालाच मांडाव्या लागत होत्या. दादाच्या वतीने बोलताना त्याला दादाचे मुद्दे थोडे बरे वाटू लागले होते, म्हणून तो वैतागलेला होता.

शोउथियेन परत येऊन बसला. केस ओले होते. सदरा बदललेला होता. हात खसखसून घासल्याने लाल झाले होते, तरी वास गेला नव्हता. तो वास पाण्याने जात नाही, बोंडअळीचं वर्ष पाहिलेल्या कुणालाही ते माहीत होतं. शोउलिनने दादाच्या मानेशेजारी पाहिलं. तिथे तोकड्या पट्ट्याचा वळ होता. तो पट्टा किती तोकडा आहे हे शोउलिनला ठाऊक होतं, कारण तो त्याच्याच पंपाचा होता. त्याने एवढंच पाहिलं आणि बाटलीकडे हात नेला.

“कुठवर आलो होतो?” मामांनी विचारलं.

“दादाच्या किड्यांपर्यंत,” शोउलिन म्हणाला.

“माझे कुठले?” शोउथियेन म्हणाला. “गहू भरायचाय अजून. आज आहेत ते सगळे तुझे.”

दुपारपासून शोउलिनने एकही किडा पदरात घेतला नव्हता. आता त्याने जरा विचार केला.

“बरं,” तो म्हणाला. “माझे तर माझे.”

मामांनी समाधानाने डोळे मिटले. त्यांच्या उभ्या हयातीत इतका नीट बसलेला निवाडा त्यांना आठवत नव्हता, आणि जमिनीचा प्रश्न मग कुणी काढला नाही.

“तुझे आले की मला हाक मार,” शोउलिन भावाला म्हणाला.

“तू येऊन काय करणार?”

“मोजीन,” शोउलिन म्हणाला, आणि आपल्या पेल्यातली अर्धी दारू त्याने दादाच्या पेल्यात ओतली.